पितळी जॉइंट बदलला तेव्हा

आमच्या इंदिरानगरातल्या पूल पार्लरमध्ये एक रीत होती. समोरच्याचा नेम चुकला, अगदी होलच्या तोंडावरचा बॉल परत आला, तरी त्याला ‘चुकलास’ म्हणायचं नाही. म्हणायचं, “स्टिक चुकली.” मग ज्याचा नेम चुकला त्याने हातातल्या काठीकडे रागाने बघायचं, टिपवर खडू घासायचा आणि बाजूला व्हायचं. तिला क्यू म्हणायला हवं खरं, पण आमच्याकडे सगळे स्टिकच म्हणतात. ही रीत कोणी सुरू केली ठाऊक नाही. दुपारी तिथे येणारे आम्ही बहुतेक निवृत्त. कोणाचे डोळे अधू झालेले, कोणाची कंबर धरलेली. नाचता येईना अंगण वाकडं असं माणूस स्वतःच्या बचावाला म्हणतो. आम्ही ते दुसऱ्याच्या बचावाला म्हणायचो. एकमेकांची अब्रू राखायला ते बरं होतं, आणि मला तर फारच आवडायचं.

माझी स्वतःची स्टिक होती. सरकारी कचेरीत कारकून असताना हौसेने घेतलेली, अखंड लाकडाची. स्कूटरवरून ती न्यायची म्हणजे सर्कस. एकदा बायकोला मागे बसवून तिच्या हातात दिली, तर सिग्नलला लोक वळून वळून बघायला लागले. घरी आल्यावर तिने सांगितलं, एक तर ही काठी न्या, नाहीतर मला न्या. शेवटी माझ्या मित्राने ती काठी मधोमध कापली.

हा मित्र मूळचा देवळ्याकडचा. घरी कांद्याची शेती, पण हा अंबडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला आणि तिथल्याच टूलरूममधून निवृत्त झाला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने एक जुना लेथ ठेवलाय आणि त्यावर काही ना काही कातत असतो. पूल त्याला मीच शिकवला. वर्षाच्या आत तो मला हरवायला लागला. मागून आला आणि तिखट झाला, असं मी त्याला अजूनही ऐकवतो.

त्याने काठी कापली तेव्हा मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. आत बघवत नव्हतं. मग त्याने पितळेचा जॉइंट कातला. काठीच्या एका तुकड्यात आट्यांचा खिळा, दुसऱ्यात त्याच आट्यांचं भोक, आणि दोन्ही तोंडांना पितळेची कडी. दोन तुकडे फिरवून बसवले की काठी पुन्हा एक. पण पहिले काही आठवडे मी त्याला शिव्याच घातल्या. काठी पुढून जड झाली होती. पूर्वी पांढऱ्या बॉलला टिप लागली की एक बारीक थरथर लाकडातून मागच्या हातात यायची आणि फटका कसा बसला ते बॉल बघायच्या आधी कळायचं. आता ती थरथर पितळेत अडकून अर्धीच येत होती.

“बॉल काय बदलला नाय,” तो म्हणाला होता. “धक्का तुझ्या हाताला कळंपर्यंत बॉल टिपवरून सुटलेला असतो. जॉइंट बॉलला काय करणार? तो फक्त तुझ्या हाताला निरोप देतो. निरोप्या नवा हाय. त्याची बोली कळंल हळूहळू.”

आणि कळली. पुढे त्या पितळेच्या निरोपाचीच मला इतकी सवय झाली की कोणाची अखंड काठी हातात घेतली तर ती बडबडी वाटायची. कित्येक वर्षं मी त्या जॉइंटने खेळलो. आटे झिजले, जॉइंट जरा सैल झाला, फटक्याला आतून ‘टक’ असा आवाज यायला लागला. करून घेऊ म्हणता म्हणता राहिलं.

मग माझ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर केमो. त्याबद्दल फार लिहायचं नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगतो की डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, या औषधाने हातापायांची बोटं बधिर होतात. काहींची संवेदना महिन्यांनी परत येते, काहींची येत नाही.

पाय बधिर झाले ते मी लगेच कबूल केलं. न करून सांगतो कुणाला? जॉगिंग ट्रॅकवरून परत येताना डाव्या पायातली चप्पल कुठेतरी निसटली आणि मी तसाच घराच्या फाटकापर्यंत चालत आलो. बायकोने पायाकडे बघितलं तेव्हा मला कळलं. आम्ही दोघंही हसलो. नंतर ती चप्पल शोधायला गेली आणि मी ओसरीवर बसून तळपायावरचं रक्त पुसलं.

हाताचं मात्र मी कबूल केलं नाही. कप हातातून सुटला तर कपाचा कान लहान होता. वर्तमानपत्राची पानं उलटेनात तर कागद हल्ली फार पातळ काढतात. पाय काय, जायला-यायला असतात. हात म्हणजे मी होतो. आयुष्यभर या बोटांनी फाइलींच्या नाड्या बांधल्या, पेटी वाजवली, आंबा दाबून पिकला की नाही ते सांगितलं. ही बोटं गेली तर उरलेल्या माणसाचं मी काय करणार होतो? मला भीती वाटत होती. साधी भीती, आणि ती मी कोणाला सांगत नव्हतो.

मी दवाखान्याच्या फेऱ्यांत असताना मित्र घरी आला आणि बायकोकडून माझी स्टिक मागून घेऊन गेला. उपचार संपले, मला जिने चढता यायला लागले, तेव्हा त्याने ती पार्लरमध्ये माझ्या हातात ठेवली. झिजलेलं पितळ काढून त्याने स्टेनलेस स्टीलचा जॉइंट घातला होता. आरशासारखा चकचकीत. दोन तुकडे एकमेकांवर असे बसले होते की नखाला फट लागू नये. तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या दुखण्याच्या सगळ्या काळात त्याला जे बोलता आलं नव्हतं ते त्याने त्या लोखंडात कातलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि टेबलाकडे वळलो.

फटका मारला. मागच्या हातात काहीच आलं नाही.

पुन्हा मारला. आवाज आला, स्वच्छ, ताशासारखा. पांढरा बॉल गेलाही. पण हातात काही नाही. मी भिंतीला काठी लावून ढकलावी तसं. तिसऱ्या फटक्याला पांढरा बॉलच होलमध्ये गेला, आणि बाकावरून दोघं-तिघं एकदम म्हणाले, “स्टिक चुकली.”

तिथूनच सगळं सुरू झालं. माझ्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या, जॉइंट आणि हात. त्यातली कोणती धरायची हे माझ्यावर होतं. मी जॉइंट धरला.

“स्टील फार कडक आहे रे,” मी मित्राला म्हणालो. “काठी मुकी झाली.”

आणि हे पूर्ण खोटंही नव्हतं, म्हणून तर फसलो. स्टीलचा जॉइंट पितळेपेक्षा कडक लागतो हे खेळणारा कोणीही सांगेल. पार्लरमधल्या प्रत्येकाने माझी स्टिक हातात घेऊन एकेक फटका मारला. सगळ्यांनी माना हलवल्या. हो, जरा मेलेलीच वाटते. हो, पूर्वीची मजा नाही. माझे उतरलेले गाल, टोपीखालचं टक्कल त्यांना दिसत होतं. रीत तर होतीच. कोण म्हणणार होतं की काठी ठीक आहे?

मित्राने स्टिक परत नेली. त्याने पुन्हा पितळ घातलं, अगदी जुन्याच मापाचं, आटेही तसेच. मी खेळलो. काही नाही. मी म्हणालो, जुन्या पितळेत ते झिजल्यामुळे काहीतरी होतं, ते यात नाही. त्याने ते नवं पितळ पुन्हा काढून आटे किंचित सैल केले. आयुष्यभर ज्याने सैल काम टूलरूमबाहेर जाऊ दिलं नाही, त्याने माझ्यासाठी मुद्दाम सैल आटे पाडले. तरी काही नाही. मग मी चिडलो. सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, “तुझा हात राहिला नाही आता पूर्वीसारखा.”

आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. कोण कोणाला म्हणत होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तो मात्र खाली बघून म्हणाला, “असंल भाऊ. वय झालं.”

खरं म्हणजे त्यालाही पटलं होतं. हे मला नंतर त्याच्या बोलण्यातून कळलं. आपण हौसेने जुना जॉइंट काढला, तिथेच घोटाळा केला, असं त्याने मनाला लावून घेतलं. रीत म्हणून इतर जे बोलत होते ते त्याने खरं मानलं. आमच्या पार्लरमध्ये एकमेकांची अब्रू राखता राखता आम्ही एका चांगल्या कारागिराची झोप उडवली होती.

शेवटी त्याने धातूच काढून टाकला. मध्ये फक्त एक बारीक खिळा आणि बाकी लाकडाला लाकूड भिडलेलं. असा जॉइंट सगळ्यांत मऊ, काठी जवळपास अखंड असल्यासारखी बोलते. त्यासाठी त्याने घोटीच्या बाजूच्या एका सुताराकडून जुन्या शिसवी लाकडाचा तुकडा आणला होता आणि दोन्ही तोंडं घासून घासून अशी बसवली होती की जोड कुठे आहे ते शोधावं लागत होतं. काठी तयार आहे असा त्याचा फोन आला तेव्हा मी आणि बायको तपासणीला दवाखान्यात होतो. परतताना मी रिक्षा पार्लरकडे वळवायला लावली. बायको म्हणाली, घरी जाऊ, दमला आहात. मी ऐकलं नाही.

ती पार्लरमध्ये पहिल्यांदाच आली होती. भर दुपारची वेळ, एकच टेबल चालू. मित्राने तिला “वहिनी, बसा” म्हणून बाकावरची धूळ रुमालाने झटकली. तिने औषधांची पिशवी मांडीवर घेतली.

मी फटका मारला. मग दुसरा. मग बरेच. अंगाला घाम आला. मित्र माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, बॉलकडे नाही.

“मेली आहे ही,” मी म्हणालो. “काय पण लाव, मेली ती मेली.”

“स्टिक चुकली,” बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सवयीने म्हटलं.

मला माझंच म्हणणं सिद्ध करायचं होतं. राग असा आला होता की मी बायकोला म्हणालो, “तू ये. तुला खेळातलं काही कळत नाही ना? तूच सांग. मार एक फटका आणि सांग, हातात काही येतं का.”

“अहो, मला कुठे येतंय?”

“ये म्हणतो ना!”

ती उठली. पिशवी बाकावर ठेवली, पदर खोचला. मी तिचा डावा हात टेबलावर ठेवला, उजव्या मुठीत काठी दिली. ती लाटणं धरावं तशी धरून उभी राहिली. पांढऱ्या बॉलला तिने एक वेडावाकडा टोला दिला. बॉल जेमतेम हातभर गेला.

“अगं बाई,” ती म्हणाली आणि हसली. “कोपरापर्यंत आलं की! केवढी झिणझिणते ही.”

आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचं हसू जागच्या जागी थांबलं. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं. मलाही.  

मी काठी तिच्या हातातून घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली. हातांकडे बघितलं. नखं काळी पडलेली, बोटांची कातडी सोललेली. महिनोन् महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते थांबवलं नाही.

मित्र बाकावर जाऊन बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून एक मोठं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि ते उतरल्याची त्याला लगेच वाटलेली लाजही दिसली. काठी बरी आहे म्हणजे माझा हात बरा नाही. याचा आनंद मानायचा कसा? इतक्या वर्षांत तो माझ्याशी कधी घरच्या अहिराणीत बोलला नव्हता. तेव्हा बोलला. “तुनी काठी बरी शे, भाऊ,” तो म्हणाला.

पुढे मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, राहू दे. आम्ही आजही खेळतो, लाकडाच्याच जॉइंटने. हातात निरोप येत नाही, म्हणून मी टिपच्या आवाजावर लक्ष देतो. थोडंफार जमतं, बरंचसं जमत नाही. आमच्या दोघांत ‘स्टिक चुकली’ मात्र बंद झालं. मी चुकलो की तो सरळ म्हणतो, “हात चुकला.” पहिल्यांदा म्हणाला तेव्हा टोचलं. पण दुखण्यानंतर पहिल्यांदाच मला कोणीतरी समोरचा खेळाडू धरलं होतं.

त्या दुपारी मात्र मी तसाच बाहेर पडलो. बायको शेजारून चालत होती. घर जवळच होतं, म्हणून रिक्षा केली नाही. कोपऱ्यावर आल्यावर मी थांबलो. मनात अजून एक धागा शिल्लक होता आणि मी तो दोन्ही हातांनी धरला.

“असं कसं म्हणता येईल पण?” मी म्हणालो. “हात अगदीच गेला असता तर शर्टाची बटणं कशी लावली असती? रोज सकाळी माझी मी लावतो. तू बघतेसच.”

ती पिशवीतली औषधं नीट लावायला लागली. मला वाटलं तिला पटलं.

“बटणासारखी बारीक गोष्ट,” मी पुन्हा म्हणालो. “आधी जरा अडत होतं. पण आता सुधारलंय.”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्याकडे बघत म्हणाली, “तुमच्या शर्टांची काजं मी मोठी केली आहेत.”

“कधी?”

“तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. सगळ्याच शर्टांची. कापली आणि कडेने पुन्हा शिवली.” मग म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी बटण लावताना रडवेले झाला होता. मला बघवेना.”

 आम्ही घरी आलो. संध्याकाळी मी कपाट उघडून एकेक शर्ट खाली काढला आणि उजेडात धरून पाहिला. टाके इतके बारीक होते की आधी माझ्या नजरेला आले नव्हते, आणि बोटांना तर येणं शक्यच नव्हतं. तिला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. किती दुपारी बसली असेल ती! मी आत झोपलेला, आणि उठल्यावर माझं मलाच शाबासकी देणं. राग आला होता, तिचा आणि माझा, पण तो त्या टाक्यांपुढे टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून शर्ट अंगात चढवला आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बटणं उघडीच होती.

“आज तू लाव,” मी म्हणालो.

“मोठी आहेत की काजं. जमेल तुम्हाला.”

“असू देत. तू लाव.”

तिने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि वरून बटणं लावायला सुरुवात केली. माझ्याकडे बघत नव्हती. तिचे हात थरथरत होते, आणि ती थरथर मला छातीवर कळत होती.